फ्लॉपीला गंध

बसवनगुडी, बेंगळूर
१२ जुलै १९९८

चि. अजित,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते वेगळे लिहीत नाही.

तू सांगितलेला कंप्यूटर काल आला. व्यंकटेशनं चिकपेटचं दुकान दुपारीच बंद केलं आणि एका मेकॅनिकला घेऊन आला. दोघांनी माझं शिवणाचं टेबल रिकामं करून त्यावर तो मांडला. मी म्हटलं, "अरे, माझं मशीन कुठं ठेवायचं?" तर माझा मुलगा मलाच सांगतो, "अम्मा, स्वल्प ॲडजस्ट कर. पोरीची दहावी आहे." एकतीस वर्षं मी दहावीच्या पोरींना गणित शिकवलं, तेव्हा कुणी माझ्यासाठी टेबल रिकामं केलं नव्हतं.

शाल्मली बरी आहे. बरी म्हणजे सकाळी उठते, स्वतःची वेणी स्वतः घालते, ताटातलं संपवते, शाळेत जाते. उल्काला जाऊन चार महिने झाले. आईसाठी तुझी मुलगी एकदाही रडलेली मी पाहिली नाही. जूनमध्ये तुला विमानतळावर सोडून आलो, त्या दिवशीसुद्धा तिनं घरी येऊन चपला जागेवर ठेवल्या आणि विचारलं, "पद्माआजी, पाणी भरून ठेवू का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कंप्यूटर पाहिल्यावर मात्र ती खुर्ची ओढून बसली ती जेवायलाच उठली. त्या ज्ञानकोशाच्या सीडीत सगळं जग आहे म्हणे. शाळेचे प्रोजेक्ट आता त्यावरच करणार. गांधीबझारात गुरुराजचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यानं इंटरनेट घेतलंय. फ्लॉपी नेऊन दिली की तो छापूनही देतो आणि तुला मेलही पाठवतो. दर रविवारी तुला पत्र लिहायचं असं तिनं ठरवलंय.

तू जेवत जा.

तुझी पद्मामावशी


न्यू जर्सी
२ ऑगस्ट १९९८

मावशी, नमस्कार.

फोनवर तीन मिनिटं मिळतात आणि त्यात तू 'जेवलास का' एवढंच विचारतेस, म्हणून लिहायला बसलो.

कंप्यूटर लागला हे फार छान झालं. व्यंकटेशला थँक्स सांग. शाल्मलीची मेल दर रविवारी न चुकता येते. रोमन लिपीत मराठी लिहिते, वाचायला मजा वाटते. आजचीच सांगतो: "बाबा, मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. पद्माआजी रोज काहीतरी छान करते. इथली हवा चांगली आहे. तुम्ही वेळेवर जेवा. माझी काळजी करू नका." किती समजूतदार झालीय बघ! मीही लगेच उत्तर टाकतो.

माझं काम तुला फोनवर समजावता आलं नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेत. २००० साल आलं की मशीनला ते १९०० वाटणार. आम्ही दिवसभर तसल्या तारखा शोधतो आणि दुरुस्त करतो. डोक्याला काम लागत नाही, म्हणून बरं आहे. सकाळी दूध आणि सीरियल, दुपारी सँडविच, संध्याकाळी भात. मला इथे वाईट वाटतं असं नाही. बरं वाटतं असंही नाही. बोट बधिर झाल्यावर दाबून पाहतो ना आपण, तसं कधीतरी स्वतःला दाबून पाहतो. काही कळत नाही.

एक विनंती. तिच्यासमोर उल्काचा विषय काढू नकोस. पोर सावरली आहे, उगीच खपली काढायला नको. आमच्या बनशंकरीच्या फ्लॅटची किल्लीही तुझ्याकडेच ठेव, तिला तिकडे नेऊ नकोस.

अजित


बसवनगुडी
२० ऑगस्ट १९९८

अजित,

तुझी लेक शाळेत गाजतेय. कावेरी नदीवर तिनं सव्वीस पानांचा प्रोजेक्ट केला. रंगीत नकाशे, फोटो, ठळक मथळे, वर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यांच्या शिल्पाश्री मिसनं तो काचेच्या कपाटात लावला आणि वीसपैकी वीस दिले. मी आयुष्यात कुणाला वीसपैकी वीस दिले नाहीत.

मी आपलं सहज विचारलं, "काय गं, नदीचं खोरं म्हणजे नेमकं काय?" तिनं मग प्रोजेक्ट उघडला, पान अकरा काढलं आणि तिथलं इंग्रजी वाचून दाखवलं. "हे पाठ नको, तुझ्या शब्दांत सांग," म्हटलं तर म्हणते, "ह्यात आहे ना सगळं." परवा पंधरा बारे विचारलं, तर दप्तरातून कॅल्क्युलेटर काढला. अजित, माझ्या घरात पंधरा बारेसाठी कॅल्क्युलेटर! तुझे काका असते तर घर सोडून गेले असते.

मग माझं डोकं फिरलं. वही दिली, पेन दिलं आणि सांगितलं, कावेरीवर दहा ओळी लिही, तुझ्या मनाच्या, तोपर्यंत उठायचं नाही. बसली. पेनाचं टोपण काढलं. अर्ध्या तासानं मी येऊन बघते तर पान कोरं. टोपण मात्र नीट मागं लावून ठेवलेलं. मला म्हणाली, "आजी, टाइप करून देऊ का? पाच मिनिटांत देते." मी म्हटलं, आळशी कुठली! तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. उलट उत्तर देत नाही ही पोर, ह्याचीच मला काळजी वाटते. दहावीतली मुलगी कधीतरी दार आपटून जायला हवी.

दहावीचे पेपर हातानंच लिहायचे असतात, एवढं ध्यानात असू दे.

पद्मामावशी


न्यू जर्सी
६ सप्टेंबर १९९८

मावशी, नमस्कार.

तुझं पत्र वाचून थोडा वैतागलो, खोटं कशाला बोलू. तिला आळशी म्हणायचं काय कारण होतं? वीसपैकी वीस मिळवते, तुला उलट बोलत नाही, मला दर आठवड्याला लिहिते. या वयाच्या मुलीकडून आणखी काय हवं?

तुझा काळ वेगळा होता. इथल्या ऑफिसातल्यांची मुलं सगळा होमवर्क कंप्यूटरवर करतात. पाढे पाठ करून आणि हातानं लिहून कुणाचं भलं झालं? आपल्या पिढीनं पानंच्या पानं खरडली, काय उपयोग झाला? पुढे तिला याच मशीनवर काम करायचं आहे. तिला तिच्या पद्धतीनं करू दे. सहामाही परीक्षा आली आहे, आता वह्या-पेनांची सक्ती करू नकोस.

आजच्या मेलमध्येही तिनं लिहिलंय की मजेत आहे, तू छान छान करून घालतेस. मी तिला लगेच 'खूप छान, असाच अभ्यास कर' म्हणून कळवलं.

रागावू नकोस.

अजित


बसवनगुडी
४ ऑक्टोबर १९९८

अजित,

रागवायला सवड नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी कबूल करते.

सहामाही परीक्षा झाली, दसऱ्याची सुट्टी लागली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची, हे तुला माहीत आहे. व्यंकटेश दुकानातली कात्री आणि कापड मोजायचा गज आणतो, मी माझं शिवणमशीन आणि पोळपाट-लाटणं मांडते. मुलांची पुस्तकं सरस्वतीपुढं. मग दशमीपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. यंदा वाटलं, पोरीचं पुस्तक म्हणजे तर हा कंप्यूटर. म्हणून पडद्याला हार घातला, कुंकू लावलं, चाफ्याचं फूल ठेवलं. फ्लॉप्या तीन होत्या, त्या पाटावर मांडल्या. फ्लॉपीला ती पत्र्याची झडप असते ना, ती सरकवली तर आत काळी चकती दिसली. मला वाटलं, खरं पुस्तक ते आतलंच, वरचं नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर. झडप सरकवून मी तिन्ही चकत्यांना ओलं गंध लावलं. वर अक्षता.

तू हसशील किंवा कपाळावर हात मारशील, काहीही कर.

दशमीला तिनं पहिली फ्लॉपी मशीनमध्ये घातली ती आतच चिकटून बसली. उरलेल्या दोन्हींवर गंध वाळून खपल्या धरलेल्या. मेकॅनिक सुट्टीला गावी गेलेला. आधीच्या आठवड्यात त्यानंच मशीनमधलं सगळं फ्लॉप्यांवर घेऊन मशीन पुसलं होतं, व्हायरस का काय झाला म्हणून. म्हणजे तीन महिन्यांचं सगळं गेलं. बारा तारखेला शाळा उघडेल तेव्हा द्यायचा इतिहासाचा प्रोजेक्टही गेला. गुरुराजकडे छापायला न्यायला फ्लॉपीच नाही, आणि नवी आणली तरी मशीनची खाच अडलेली. आता हातानं लिहिण्यावाचून इलाज नव्हता.

मी तिची माफी मागितली. म्हणाली, "असू दे, आजी." तुझी बायको गेली तेव्हाही ती सगळ्यांना असंच म्हणत होती, असू दे.

मग ती फुलस्केप कागद घेऊन बसली. दशमीचा दिवस बसली, एकादशीचा बसली. कोरा कागद, अजित. वर तारीख सुद्धा नाही. मला वाटलं, वाईट वाटतंय तिला माझ्या करणीचं. म्हणून जवळ जाऊन विचारलं, "तुझी बाबांना लिहिलेली पत्रंही त्यातच होती का गं? ती तरी पुन्हा मिळतील का?" ती म्हणाली, "एकच होतं. दर रविवारी तारीख बदलायचे आणि पाठवायचे."

मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, "आणि बाबांना कळलं नाही?" ती म्हणाली, "नाही ना."

मी गुरुराजकडे गेले. त्यानं तुझी उत्तरं छापून एका फाइलीत ठेवली होती, शाल्मली कधी न्यायलाच आली नाही म्हणाला. अकरा उत्तरं. नऊंत 'खूप छान, असाच अभ्यास कर', दोनांत 'व्हेरी गुड'. अकरा आठवडे तिनं तुला तेच पत्र पाठवलं आणि अकरा आठवडे तू वाचून खूश झालास. ह्याला पत्रव्यवहार म्हणत नाहीत, ह्याला पोच देणं म्हणतात.

मला फार राग आलाय तुझा. माझाही. आळशी म्हटलं मी तिला.

पद्मामावशी


बसवनगुडी
१७ ऑक्टोबर १९९८

अजित,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितेय. फोनवर हे बोलता येणार नाही, ती घरात असते.

मंगळवारी शाळेतून बोलावणं आलं. शिल्पाश्री मिसनं सहामाहीचे पेपर माझ्यापुढं ठेवले. पाच विषय, पाच उत्तरपत्रिका. प्रत्येकीवर नाव, रोल नंबर, तारीख, समास आखलेला. आत काही नाही. गणितातही नाही. मिस भली बाई आहे, तिचेच डोळे भरले होते. म्हणाली, "अक्का, प्रोजेक्ट इतके सुंदर, म्हणून आम्हाला कुणाला कळलंच नाही." जानेवारीच्या प्रिलिमलाही असंच झालं तर तिला बोर्डाला बसवणार नाहीत. वर्ष जाईल. मला वर्षाचं काही वाटत नाही. मी ती कोरी पानं एकेक करून उलटून बघत होते.

घरी आले. तुझी ताकीद मी दोन महिने पाळली, त्या दिवशी मोडली. स्वयंपाकघरात तिला समोर बसवलं आणि विचारलं, "लिहायला लागलं की काय होतं गं?"

तिनं सांगितलं, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. ११ मार्चला संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर निबंध लिहीत होती. आतून उल्कानं हाक मारली, "शालू, जरा इकडे ये." ही म्हणाली, "थांब, एवढं वाक्य संपवते." वाक्य संपवलं. मग ओघात होती म्हणून आणखी चार ओळी लिहिल्या. मग आत गेली, तर उल्का ओट्यापाशी पडलेली.

हे तिनं सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबांना तरी?" तर म्हणाली, "बाबांना माहीत आहे. हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं होतं, तू इतका वेळ काय करत होतीस. मी म्हटलं, गृहपाठ. मग ते काही बोलले नाहीत."

असं विचारलंस तू, अजित? मला खरं सांग. आणि मला नको सांगूस, तिला सांग.

पद्मामावशी


न्यू जर्सी
२९ ऑक्टोबर १९९८

मावशी,

हो, विचारलं होतं.

सोबतचं पाकीट शाल्मलीचं आहे. तू वाचलंस तरी चालेल, पण आधी तिला दे.

अजित


न्यू जर्सी
२९ ऑक्टोबर १९९८

शालू,

हे पेनानं लिहितोय. अक्षर वाईट येतंय, सवय गेली.

मी तुझी अकरा पत्रं पुन्हा उघडून पाहिली. एकच आहे. मला कळलं नाही, कारण मी खरी पहिलीच ओळ वाचायचो, बाकीच्यावर नुसती नजर फिरवायचो. 'मी मजेत आहे' वाचलं की पुढचं नीट वाचायची गरज वाटायची नाही. मला तेवढंच हवं होतं.

हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये मी तुला काय विचारलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू युनिफॉर्ममध्ये होतीस. बोटाला शाई होती. मी ते तुला विचारत नव्हतो, कुणाला तरी विचारायचं होतं आणि समोर तू होतीस. तोंडातून गेल्यावर लगेच कळलं होतं. पण मी ते परत घेतलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कुणालाच सांगितली नाही. त्याच संध्याकाळी, तुला विचारल्यानंतर अर्ध्या तासानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. हाक मारल्यावर लगेच कुणी गेलं असतं तरी काही करता आलं नसतं. दारात ॲम्ब्युलन्स उभी असती तरी नाही. मी स्वतः दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच सांगितलं.

तुझ्या त्या वाक्यानं काही झालं नाही, शालू. चार ओळींनीही नाही.

हे मी तुला का सांगितलं नाही, ते मला नीट सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा तू बाकावर बसली होतीस. मला तुझ्याकडे बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी माणसं आली. मग दिवस गेले. मग वाटलं, आता विषय काढला तर तुला आठवेल. मग कंपनीनं इकडे पाठवतो म्हटलं आणि मी लगेच हो म्हटलं. मला काहीच वाटत नव्हतं आणि मी समजत होतो की तुलाही वाटत नसेल.

सुट्टी मागितली आहे. देतील की नाही माहीत नाही.

बाबा


बसवनगुडी
१२ नोव्हेंबर १९९८

बाबा,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. आजीनं पाकीट फोडलं नव्हतं. मी वाचून झाल्यावर तिला दिलं. तिनं वाचलं आणि गॅस बंद करून पायरीवर जाऊन बसली. त्या दिवशी आम्ही ब्रेड खाल्ला.

हे मी पेनानं लिहितेय. सोमवारपासून रोज थोडं लिहितेय.

डॉक्टरांनी तुम्हाला ११ मार्चला संध्याकाळी सांगितलं. तुमचं पत्र २९ ऑक्टोबरचं आहे. मधले साडेतीन महिने तुम्ही अमेरिकेत नव्हताच, बनशंकरीला घरीच होता. रोज रात्री माझ्यासमोर जेवायला बसायचा. मी तुम्हाला वाढायचे. तुम्ही मीठ मागायचा.

मी काय करायचे ते तुम्हाला माहीत नाही. मी ते वाक्य आणि त्या चार ओळी घड्याळ लावून पुन्हा लिहून बघायचे. किती मिनिटं लागली असतील ते काढायला. सहा मिनिटं येतात. भरभर लिहिलं तर पाच. खूप वेळा लिहून पाहिलं, पाचच्या खाली येत नाही. मग कुठलंही वाक्य लिहायला घेतलं तरी मिनिटं मोजली जायची, म्हणून लिहिणं बंद केलं. टाइप करताना किती वेळ लागतो ते मी कधी मोजलं नव्हतं, म्हणून टाइप करता यायचं. मला कंप्यूटर आवडतो म्हणून नाही.

आणि ते एकच पत्र मी पहिल्यांदा कंटाळा आला म्हणून पाठवलं. दुसऱ्यांदा तुम्हाला कळतंय का बघायला. तिसऱ्यांदाही. नंतर सवय झाली.

शिल्पाश्री मिस मला शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवते. आधी फक्त उत्तराची पहिली ओळ लिहायला सांगते. काल मी भूगोलाची तीन उत्तरं पूर्ण लिहिली. वर्गातलं घड्याळ तिनं काढून ठेवलंय. प्रिलिमला बसेन. बोर्डाचं माहीत नाही.

आजी म्हणते, बाबालाही काही सुचत नसेल, मोठी माणसंही घाबरतात. असेल. पण तुम्हाला उत्तर माहीत होतं, बाबा. मला माहीत नव्हतं. तुम्ही मला मीठ मागत होता आणि तुम्हाला उत्तर माहीत होतं.

सुट्टी मिळाली नाही असं मेलवर कळवू नका. गुरुराज अंकलना मी सांगितलंय, मेल आली तरी छापू नका. तुम्ही इथे या. मला तुमच्यावर ओरडायचं आहे, आणि ते मला लिहिता येत नाही.

शाल्मली